सातकर्णी नावाचे राजे

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, सगळ्यात वरच्या आडव्या तुळईवर, एक छोटा स्तूप कोरलेला आहे. त्याच्या घुमटावर ब्राह्मी अक्षरांत एक दानलेख आहे. राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा मुखिया आनंद, वासिष्ठीचा मुलगा, याने हे दान दिले, एवढेच त्यात सांगितले आहे. याच तोरणाच्या खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनीही हे कोरीवकाम आपण केल्याची नोंद ठेवली आहे. सांचीच्याच दानलेखांत भोगवर्धन नावाच्या गावाहून आलेल्या दात्यांचाही उल्लेख सापडतो. ते भोगवर्धन म्हणजे आजचे जालना जिल्ह्यातले भोकरदन.

राजाचे नाव, हस्तिदंताचे कसब आणि भोकरदनचे दाते एकाच ठिकाणी दगडावर उतरावेत, यात मला योगायोग दिसत नाही. पैठणहून उत्तरेला निघालेला व्यापारी भोगवर्धनवरून अजिंठ्याच्या डोंगराकडे जाई आणि तिथून घाट उतरून माळव्यात, उज्जयिनी आणि विदिशेकडे. दान द्यायला भोगवर्धनचे लोक सांचीपर्यंत पोचले ते याच वाटेने. केळना नदीच्या काठावरच्या भोकरदनच्या पांढरीत १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी असा ऐवज त्या मातीतून निघाला. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही होती. तिच्या शैलीची बहीण शोधायची तर थेट इटलीत जावे लागते. व्हेसुव्हियसच्या इ. स. ७९च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात अमेदेओ मायुरी यांना १९३८ साली भारतीय हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती घडली तरी कुठे, या प्रश्नाच्या उत्तरात काही अभ्यासक भोकरदन आणि तेरचे नाव घेतात.

म्हणजे भोगवर्धनचा बाजार भरभराटीत होता तो सातवाहनांच्या काळात. या घराण्यात एक नाव पुन्हा पुन्हा येते, सातकर्णी. प्राकृतात सातकणि. बापाचे, मुलाचे, पुतण्याचे, चार पिढ्यांनंतरच्या कुणा दूरच्या वारसाचे, सगळ्यांचे तेच. इतिहासकारांना या नावाने जेवढे छळले तेवढे दख्खनच्या दुसऱ्या कुठल्या नावाने क्वचितच छळले असेल. कुठल्याही शिलालेखात 'सातकर्णी' वाचले की पहिला प्रश्न येतो, हा कोणता?

पहिला मोठा सातकर्णी भेटतो नाणेघाटात. जुन्नरहून कोकणात कल्याणकडे उतरणाऱ्या या घाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्यात एके काळी राजघराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. आज पुतळे उरलेले नाहीत, पण त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे शाबूत आहेत. घराण्याचा संस्थापक सिमुक, मग राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, पुढे कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन. बाजूच्या भिंतींवरचा लांब लेख सामान्यतः नागनिकेचा मानला जातो. नवऱ्याबरोबर केलेल्या यज्ञांची आणि त्यांतल्या दक्षिणांची ती यादी आहे. दोन अश्वमेध, गायी, हत्ती, घोडे, गावे आणि कार्षापणे. यज्ञाच्या दक्षिणेचा एवढा तपशीलवार हिशेब दुसऱ्या कोणी भिंतीवर मांडल्याचे मला आठवत नाही. आपल्याकडच्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत या लेखातल्या आकड्यांची गणना होते. सातकर्णी हे नाव मोठे कसे झाले ते इथे कळते. ज्याने दोनदा घोडा सोडला, त्याचे नाव पुढच्यांनी घेतले.

कलिंगात खारवेल नावाचा राजा होता. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीत, हाथीगुंफेच्या छपरावर, त्याने आपल्या कारकिर्दीचा लेख कोरवून घेतला. राज्याच्या दुसऱ्या वर्षी सातकर्णीची पर्वा न करता आपण पश्चिमेकडे सैन्य पाठवले, असे तो फुशारकीने सांगतो. शत्रूची पर्वा केली नाही हे मुद्दाम सांगावेसे वाटले, यातच त्या शत्रूचे वजन कळते. सांचीचा, नाणेघाटाचा आणि हाथीगुंफेचा सातकर्णी एकच की दोन, यावर विद्वानांनी कित्येक कागद खर्ची घातले आहेत. पुराणांच्या याद्यांत दोन सातकर्णी येतात. मत्स्यपुराण त्यांतल्या एकाला ५६ वर्षे राज्य देते. पुराणांचे आकडे मी जपून घेतो, कारण याच पुराणाने पुढच्या गौतमीपुत्राला २१ वर्षे दिली आहेत आणि त्याचा स्वतःचा शिलालेख मात्र २४व्या वर्षाचा आहे.

हे नाव समुद्रापलीकडेही गेले. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक 'पेरिप्लस' म्हणून ओळखले जाते. पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल भडोचला येतो, हे तो सांगतो. कल्याणबद्दल त्याची एक तक्रारवजा नोंद आहे. थोरल्या सारगनसच्या वेळी कल्याण हे रीतसर बाजाराचे बंदर होते, आता ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले असून तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. हा सारगनस म्हणजे सातकर्णीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थोरला म्हटले म्हणजे धाकटाही त्याच्या कानावर आला असणार. एका नावाचे अनेक राजे असण्याचा गोंधळ त्या परदेशी खलाशालाही चुकलेला नाही.

कल्याण हातचे गेले यामागे क्षहरात क्षत्रपांची चढाई होती. नहपान हा त्यांचा राजा आणि उषवदात त्याचा जावई. नाशिक, कार्ले, जुन्नर इथल्या लेण्यांत त्यांचे आणि त्यांच्या माणसांचे लेख आहेत. यावरून सातवाहनांच्या हातून सह्याद्रीचे घाट गेले होते हे उघड आहे. घाट गेले म्हणजे जकात गेली, आणि जकात गेली म्हणजे पैठणपासून भोगवर्धनपर्यंतच्या सगळ्या बाजारांना त्याची झळ लागली असणार. हे सगळे परत आणणारा पुरुष म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नावाच्या आधी आई लावायची रीत या घराण्यात होती. गौतमीचा, वासिष्ठीचा, असे आईच्या गोत्राचे नाव असल्यामुळेच आज आपण एका सातकर्णीला दुसऱ्यापासून थोडेफार वेगळे काढू शकतो. (महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव सक्तीचे केले, तेव्हा हे नवेच काही चालले आहे असा अनेकांचा सूर होता. दख्खनला ते नवे नाही.)

नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ साली नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. पाडलेल्या राजाच्या चेहऱ्यावर डोंगराचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह आणि भोवती आपले नाव. चांदी वितळवून नवी नाणी पाडण्याइतका वेळ त्याला काढता आला असता. तो त्याने काढला नाही. बाजारात फिरणाऱ्या प्रत्येक नाण्यावर नहपानाच्या नाकावर सातकर्णीचे नाव दिसले पाहिजे, हाच हिशेब असावा. युद्धाचा निकाल शेतकऱ्याला आणि वाण्याला कळवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग त्या काळी नव्हता.

या राजाचे दोन आदेश नाशिकच्या तीन क्रमांकाच्या लेण्यात आहेत आणि ते वाचताना राजा एकदम जवळचा वाटू लागतो. पहिला आहे १८व्या वर्षाचा. युद्धछावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला कळवलेले आहे की पश्चिम कखडी गावातले, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत इथल्या भिक्षूंना दिले आहे. त्या शेतात सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये. दुसरा आदेश २४व्या वर्षाचा, आणि त्यात राजाबरोबर राजमाताही आहे. सहा वर्षांत त्या शेताचे काय झाले ते यात कळते. शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती राहिलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरचे सरकारी शेत, १०० निवर्तनांचे, बदली म्हणून द्यावे असा हुकूम अमात्य श्यामकाला आहे. दिग्विजयाच्या गर्जनांपेक्षा मला हा लेख मोलाचा वाटतो. लढाई जिंकली, पण गाव ओस पडले होते. दिलेले क्षेत्र निम्मे झाले आणि तेही राजाने भिंतीवर लिहून ठेवले.

दिग्विजयाची गर्जना त्याच्या आईने केली. गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, हेच लेणे भद्रायनीय भिक्षूंना दान दिले आणि दानलेखात मेलेल्या मुलाचे गुणगान कोरवले. त्याच्या राज्यात अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंती असे प्रदेश ती मोजते. मूलक म्हणजे पैठणच्या भोवतीचा मुलूख. भोगवर्धन या मूलक, विदर्भ आणि अवंती यांच्या मधल्या वाटेवरचे गाव, म्हणजे राज्याच्या काठावर नसून पोटात. शक, यवन, पह्लव यांचा नाश केला, क्षहरातांचा वंश शिल्लक ठेवला नाही, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती सांगते. तो आईची सेवा करण्यात कधी चुकला नाही, हेही सांगते. यातले किती खरे धरायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे. पण स्वतः राजाचे लेख जमिनीचे आणि हक्कांचे बोलतात, आणि त्याला 'सातकर्णी' म्हणून आपल्या मनात उभा केला तो आईने, हे नाकारता येणार नाही. त्याचा काळ कोणता यावर अजून वाद आहेच. काही जण त्याला पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात, तर काही दुसऱ्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत.

बलश्रीच्या लेखात आणखी एक बढाई आहे. आपल्या मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. पुढे काय झाले ते बोरिवलीजवळच्या कान्हेरीत वाचायला मिळते. तिथे शतेरक नावाच्या अमात्याने पाण्याचे टाके दान दिले. त्याच्या लेखात वासिष्ठीपुत्र श्री सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे आणि ती कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी आहे. महाक्षत्रपाच्या नावाचे पहिलेच अक्षर शिल्लक आहे, पण तो रुद्रदामन हे जवळजवळ सर्वमान्य आहे. म्हणजे शकांचा निःपात केल्याचे ज्या घराने मिरवले त्याच घरात शकांची मुलगी सून म्हणून आली. राजकारणात असे होतच असते. आजी बलश्रीला हे रुचले असते का, हा प्रश्न मात्र मनात येतो.

सासऱ्याने या नात्याची जाण ठेवली, पण आपल्या पद्धतीने. जुनागढला अशोकाचे लेख असलेल्या प्रस्तरावरच रुद्रदामनाचा संस्कृत लेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण बांधून काढला, हे सांगताना तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा समोरासमोरच्या लढाईत हरवले, पण नाते दूरचे नसल्याने त्याला उखडून टाकले नाही. हा हरलेला सातकर्णी म्हणजे तो जावई की त्याचा कोणी भाऊबंद, यावरही एकमत नाही. हे नाव इथेही आडवे येतेच. शत्रूच्या दृष्टीने तर दख्खनचा राजा म्हणजे सातकर्णी, कोण्या आईचा का असेना.

त्यानंतरचा भारदस्त पुरुष म्हणजे श्री यज्ञ सातकर्णी, हाही गौतमीपुत्रच. त्याचे लेख नाशिकला सातव्या वर्षाचे, कान्हेरीला सोळाव्या आणि आंध्रातल्या चिन्न गंजाम इथे सत्ताविसाव्या वर्षाचे आहेत.  नाशिकच्या लेखात एक साधी हकीकत आहे. बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केलेले लेणे वर्षानुवर्षे अर्धवट राहिले होते. महासेनापतीच्या वासू नावाच्या बायकोने ते पुरे केले. सरकारी बांधकामे रेंगाळण्याची परंपरा आपल्याकडे धर्मकार्यांनाही लागू होती, असे म्हणावे काय! याच काळात या राजांची चांदीची नाणी क्षत्रपांच्या धर्तीवर, स्वतःच्या चेहऱ्याची निघत होती. त्यांच्या एका बाजूला प्राकृत लेख असे आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेतला. कोरोमंडल किनाऱ्यावर सापडणारी दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणीही सातवाहनांची आहेत.

पुढे राज्याच्या फांद्या झाल्या आणि प्रत्येक फांदीला सातकर्णी नाव हवे होते. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सापडलेल्या नाण्यांच्या साठ्याचा वा. वि. मिराशी यांनी अभ्यास केला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे पुराणांच्या यादीत न बसणारे राजे बाहेर आले. एका नावाखाली एवढी गर्दी जमते याचा अर्थ मी असा लावतो की उत्तरकाळात सातकर्णी हे नाव कमी आणि गादीवरच्या हक्काचा दाखला जास्त झाले होते. नाव टिकले, पण त्यामागचा मुलूख लहान होत गेला. नागार्जुनकोंड्याला विजय सातकर्णीचा सहाव्या वर्षाचा लेख आहे. बनवासीला चुटु कुळाचा राजा स्वतःला सातकर्णी म्हणवतो. सातवाहन जाऊन दोन शतके उलटल्यावरही कर्नाटकातल्या तालगुंद इथल्या कदंबांच्या शिलालेखात, या देवळात सातकर्णी आदी राजांनी पूजा केली होती, असे अभिमानाने नोंदवलेले आहे.

तिथून पुढे मराठी मुलखात हे नाव मुलांना ठेवण्याची चाल उरली नाही. मराठवाड्याच्या गावागावांत शिवाजी, संभाजी, तुकाराम, एकनाथ सापडतील. सातकर्णी नावाचा माणूस मला तरी भेटलेला नाही. हे नैसर्गिकच आहे, असे कोणी म्हणेल. पण दूर बाल्टिक समुद्रापाशी लिथुआनियात वेगळे घडले. तिथला ग्रँड ड्यूक व्हिटाउटास १४१० साली ग्रुनवाल्डच्या लढाईत लढला आणि १४३० मध्ये वारला. १९१८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकांनी व्हिटाउटास, गेडिमिनास, अल्गिर्दास ही जुन्या राजांची नावे आपल्या मुलांना मोठ्या हौसेने ठेवली. सोव्हिएत संघातून बाहेर पडल्याची घोषणा ११ मार्च १९९० रोजी झाली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च परिषदेचे अध्यक्ष व्हिटाउटास लँड्सबर्गिस होते. आपल्याकडे सातकर्णीच्या नावाने २०१७ साली मोठा सिनेमा निघाला, तोही तेलुगूत. अभिनेते बालकृष्ण त्यात गौतमीपुत्र झाले. आंध्रात सातवाहनांच्या काळातली अमरावती आहे, म्हणून त्यांचा या राजावर हक्क आहेच. पण ज्याचे मूळ आदेश नाशिकच्या भिंतीवर आहेत त्याची आठवण मराठीत इतकी पातळ का, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

आपण आठवण ठेवली ती शालिवाहनाची. पैठणच्या कुंभाराच्या घरचा पोर, मातीचे सैन्य जिवंत करणारा, ही कथा घराघरात आहे. गुढीपाडव्याला पंचांग उघडले की शालिवाहन शके असे आपण वाचतो. ही कालगणना इ. स. ७८ला सुरू होते, पण सातकर्णींनी ती कधी वापरली नाही. त्यांचे सगळे लेख आपापल्या राज्याच्या वर्षांत आहेत. शक वापरला तो त्यांच्या शत्रूंनी. रुद्रदामनाच्या जुनागढच्या लेखातले ७२वे वर्ष शकाचेच आहे, म्हणजे इ. स. १५०. शालिवाहनाचे नाव त्याला चिकटले ते फार नंतर, म्हणजे हरलेल्या घराण्याचे नाव जिंकलेल्याच्या कालगणनेला. आपण त्यात सातकर्णीला मात्र विसरलो.

भोकरदनच्या शाळांतल्या मुलांना ही हकीकत त्यांच्या गावाची म्हणून शिकवायला काय हरकत आहे? तिच्यासाठी वेगळे पुस्तक लागणार नाही. नाशिकला पांडवलेण्याची सहल निघतेच, तीन क्रमांकाच्या लेण्यात मुलांना थोडा वेळ थांबवावे. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला बलश्रीचा लेख आहे आणि पूर्वेच्या भिंतीवर छतालगत तिच्या मुलाचे दोन आदेश आहेत. त्यांत सातकर्णीचे नाव जसे कोरले तसे आजही वाचता येते.